ताकात विझवलेलं लोखंड

अमळनेर, २ नोव्हेंबर २०२५

जितू,

चोरा, तेलाचं उदाहरण माझं आहे.

खाली पारसमल शेठचं किराणा दुकान आहे ना, त्यांची सून रूपल काल दिवाळी अंक घेऊन वर आली. म्हणाली, "कामिनीताई, तुमच्या भावाचा लेख आलाय, फोटोसकट." फोटोत पार म्हातारा दिसतोस. केस कुठे गेले? आईचे तर शेवटपर्यंत काळेभोर होते. लेखाच्या शेवटी तुझ्या बंगळूरच्या संस्थेचा पत्ता छापलाय, म्हणून हे पत्र. फोन तू सहा वर्षांत उचलला नाहीस, आता काय उचलणार!

लेख मी तीनदा वाचला. पहिल्यांदा रागाने वाचला. दुसऱ्यांदा कारखान्यातली टेस्टर म्हणून, चुका काढायला. तिसऱ्यांदा गॅलरीत उन्हात बसून वाचता वाचता डोळा लागला आणि उरलेला लेख मी झोपेतच वाचला. तिथे तो फार छान होता, बरं का. अक्षरं तेलात सोडल्यासारखी हळूहळू खाली बसत होती.

तू लिहिलंयस, पेशीभोवती एक पातळ आवरण असतं, स्निग्ध पदार्थाचं. पेशीत मोकळं लोह वाढलं आणि आवरण राखणारी व्यवस्था दमली, की ते खवट होतं, फाटतं, आणि पेशी मरते. रक्ताच्या कर्करोगातल्या पेशी म्हणे लोहाच्या भारी हावऱ्या. लोह गोळा करतात आणि आपण खवट होऊ नये म्हणून पहाराही कडक ठेवतात. आता जगभर शोध चाललाय, की तो पहारा काढून घेतला तर त्या आपल्याच पोटातल्या लोहाने मरतील का. आणि मग तुझं वाक्य आहे: "गंजक्या डब्यातल्या तेलासारख्या. अशा तेलाला मेणाच्या खडूंचा वास येतो."

मेणाचे खडू! नऊ-दहा वर्षांचा होतास. मी नुकतीच बी.एस्सी. होऊन तेलाच्या कारखान्यात लागले होते. आईने तुला माझा डबा द्यायला पाठवलं होतं. मी तुझ्या नाकाखाली दोन बाटल्या धरल्या, एक ताजं सरकीचं तेल, दुसरं गंजलेल्या पिंपातलं. दुसरीला तू म्हणालास, "अक्का, हिच्यात कुणी मेणाचे खडू ठेवलेत." सगळी लॅब हसली. मी तेव्हा सांगितलं होतं तुला, लोखंड तेलाला हात लावतं आणि तेल म्हातारं होतं. पंचेचाळीस वर्षं झाली आणि तुला ते आठवतंय. म्हणजे अक्काचं एवढं तरी ठेवलंस.

आता कामाचं. मला एकच विचारायचंय.

आईचं रक्त कमी झालं, तेव्हा मी तिला चौदा महिने लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळ्या कुणी सुचवल्या ते आता महत्त्वाचं नाही. वर तिचं स्वतःचं औषध होतं, तिच्या धरणगावच्या माहेरचं. उलथनं गॅसवर लालभडक तापवायचं, ताकाच्या पेल्यात बुडवायचं, चर्र झालं की ते ताक प्यायचं. रोज सकाळी ते चर्र ऐकून मला जाग यायची. चौदा महिन्यांनी कळलं, लोह कमी नव्हतंच. रक्ताचा कर्करोग होता. अडीच महिन्यांत गेली.

तेराव्याला सगळ्या भाऊबंदांसमोर तू मला म्हणालास, "तू तिला लोखंड चारलंस. त्या रोगाला चारलंस." आणि बॅग उचलून गेलास.

तू तेव्हा केळीच्या पानांतल्या लोहावर काम करायचास. ते सोडून ह्या विषयाकडे वळलास. म्हणजे आता तुला माहीत असणार. सांग मला. माझ्या लोखंडाने आई गेली का? गोड करून सांगू नकोस. मी टेस्टर आहे, मला आकडा लागतो.

तुझी
अक्का


धुळे, २४ नोव्हेंबर

जितू,

उत्तर नाही. ठीक आहे. पोस्टाला बोल लावावा एवढी मी भोळी नाही.

वर धुळे का लिहिलंय म्हणून भुवया उंचावू नकोस. इथे दवाखान्यात एका खुर्चीत बसलेय. चांगली लांबलचक खुर्ची आहे, पाय वर घेता येतात. डाव्या हाताला सुई आहे, म्हणून वही मांडीवर ठेवून उजव्याने लिहितेय. अक्षर वाकडं आलं तर सुईला नावं ठेव.

आता सांगतेच. आईचंच दुखणं मला झालंय. ऑगस्टात कळलं. जिना चढताना धाप लागायला लागली, अंगावर निळे डाग यायला लागले. मी एकही गोळी घेतली नाही, थेट धुळ्याची एस.टी. धरली. एवढं तरी शिकले. दर महिन्याला सात दिवस पोटात इंजेक्शनं देतात आणि मधूनमधून अशी रक्ताची पिशवी. म्हणजे पत्र लिहिलं तेव्हा मला ठाऊक होतं. लिहिलं नाही, कारण तू दयेने उत्तर द्यावंस असं मला नको होतं. आता सांगतेय, कारण तू दयेनेही देत नाहीयेस. बघ, किती हलकट बहीण आहे तुझी.

पिशवी उतरायला तीन-चार तास लागतात आणि मला हटकून गुंगी येते. आज काय झालं सांगू? कारखान्याचा भोंगा वाजला. कारखाना बंद होऊन किती वर्षं झाली, पण वाजला. मी लॅबमध्ये गेले तर सगळी ब्युरेटं ओळीने उभी, त्या उंच काचेच्या नळ्या, खाली निळ्याशार काचपात्रांची रांग. आठवतं तुला? तेल किती खवट झालंय ते बघायचं असलं की नमुना निळा करायचो आणि मग वरून थेंब थेंब सोडायचो, निळा रंग जाईपर्यंत. जेवढे थेंब जास्त, तेवढं तेल बिघडलेलं. तर मी थेंब सोडतेय, सोडतेय, आणि निळा काही जात नाही. खिडकीतून सरकीच्या ढिगांवर ऊन पडलंय. ढिगावर आई बसलीय, पदर खोचून, ताकाचा पेला हातात. मला म्हणते, "सोड ना वं, किती मोजशी?"

जाग आली तर नर्स पिशवी बदलत होती.

हे लाल पाणी म्हणजे लोखंडच की रे. पिशवी पिशवीगणिक माझ्या अंगात साठतंय. डॉक्टर म्हणाले, फार साठलं तर काढायचं औषध देऊ. मी त्यांना तुझा लेख दाखवला. त्यांनी उभ्या उभ्या सगळा वाचला. म्हणाले, "तुमच्या भावाने सोपं करून लिहिलंय, पण हे औषध होऊन आपल्यापर्यंत यायला वेळ आहे." मग चष्म्यावरून बघत विचारलं, "सख्खा भाऊ आहे? येणं-जाणं आहे?"

मी म्हटलं, "आहे."

ते म्हणाले, वय आडवं येतंय, पण प्रकृती बरी आहे. भावाचं जुळलं तर मुंबईला बोनमॅरोचं बोलून बघता येईल. मी मान हलवून विषय बदलला. जितू, मी तुझ्याकडे ते मागत नाहीये. ह्या पत्रात लिहिलंय ते एवढ्यासाठीच, की नंतर कुणाकडून कळलं तर म्हणशील, अक्काने लपवलं. मला माझं उत्तर हवं. तुझी हाडं तुझ्याकडे ठेव.

अक्का


अमळनेर, १५ डिसेंबर

जितू,

आज थंडी चांगली पडलीय. गॅलरीत बसले तर समोरची गच्ची, टाकी, तारेवरचे कपडे, सगळं धुक्यात बुडून गेलेलं. वाटलं, मीसुद्धा त्यातच कुठेतरी वाळत घातलेली असेन.

मला हल्ली दिवसाही स्वप्नं पडतात. भाजी निवडता निवडता पडतात. काल आई आली आणि सरळ गॅसपाशी गेली, उलथनं तापवत ठेवलं. मी म्हटलं, "माय, नको ना आता." तर म्हणते, "तुले काय समजस? मना जीव बरा शे." आणि चर्र! मी दचकून बघितलं तर माझ्या हातातली मेथी तशीच.

तू लिहीत नाहीस तर मीच लिहिते. मागच्या दोन्ही पत्रांत एक गोष्ट मी गिळली होती.

सहा महिन्यांनी आईचं रक्त परत तपासायचं होतं. ते मला ठाऊक होतं. माझ्याकडे लिहिलेलं होतं. आणि मी तपासलं नाही.

का? आई म्हणाली, बरं वाटतंय. गालावर जरा लाली आली होती, ती उन्हाळ्यातल्या पापड-कुरडयांच्या कामांनी आली होती की चुलीपाशी बसून, कोण जाणे. सुई नको म्हणाली. आणि म्हणाली, "जितूले काही सांगू नको, पोरगं एकलं शे तठे." मी ऐकलं. मला ते ऐकायचंच होतं. तिला बघून मी मनाशी ठरवलं, की लागू पडतंय.

आयुष्यभर काय केलं रे मी? पिंप येवो की टँकर, नमुना काढल्याशिवाय एक थेंब पुढे जाऊ दिला नाही. मॅनेजर दारात उभा राहून ओरडायचा, "बाई, गाडी खोळंबलीय!" मी म्हणायचे, "खोळंबू दे." वास चांगला, रंग चांगला, तरी मी थेंब मोजायचेच. वासावर विसंबणाऱ्या नव्या पोरींना मी रडवलंय. आणि घरी सख्ख्या आईला नुसत्या डोळ्यांनी पास केलं. बोटभर रक्त काढायचं होतं. आपल्या घरापासून लॅब तीन दुकानं सोडून होती.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तू तेराव्याला जे बोललास ते मला लागलं, पण खरं सांगू? आतून बरंही वाटलं. कुणीतरी बोललं एकदाचं. म्हणून मी तोंड उघडलं नाही. तुला वाटलं असेल, अक्का एवढी भांडखोर आणि आज गप्प कशी?

आता मी दमले. रूपल मुगाची खिचडी देऊन गेलीय, ती निवतेय. मला काही चव लागत नाही, पण तिला तसं सांगत नाही.

जितू, मी रडत नाहीये. खूप एकटं वाटतंय, एवढंच. लिही रे. शिव्या लिही.

अक्का


अमळनेर, ६ जानेवारी २०२६

जितू, माझ्या बाळा,

तुझं पत्र काल आलं. नऊ पानं! रूपल जिन्यातूनच ओरडत आली, "ताई, आलं, आलं!" तिला मी काहीच सांगितलं नव्हतं, पण रोज पोस्टमनला विचारत होती म्हणे. मी दार लावलं, चष्मा पुसला, आणि पहिल्या पानावरच पुन्हा पुसावा लागला.

आधी माझ्या प्रश्नाबद्दल. तू लिहिलंस, "लोहाने आईला तो आजार झाला नाही. आजार आधीच होता, त्यानेच तिचं रक्त कमी केलं होतं. दिलेल्या लोहाने तो वाढला का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आज कुणीच सांगू शकत नाही. मी सहा वर्षं हेच शोधतोय. पण चौदा महिने गेले, हे खरं आहे. आधी कळलं असतं तर त्या वयात तिला किती मिळालं असतं, काही महिने की काहीच नाही, माहीत नाही."

आकडा नाही दिलास. पण जिथे आकडा नाही तिथे नाही म्हणालास, हेही टेस्टरचंच काम. मी ते वाक्य किती वेळा वाचलं, सांगत नाही. काल दुपारी जेवून पडले ती पाचपर्यंत झोपले, आणि कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा काही स्वप्न पडलं नाही. नुसती झोप.

आता तुझं सहावं पान.

"अक्का, गोळ्या मीच सांगितल्या होत्या. २०१७ च्या दिवाळीत रिपोर्ट बघून मीच म्हणालो, लोह कमी आहे. नाव मीच लिहून दिलं. सहा महिन्यांनी बघू म्हणालो आणि परत फोन करून विचारलंसुद्धा नाही. तेराव्याला मी तुझ्यावर ओरडलो, कारण मला भीती वाटत होती, की आता तू सगळ्यांसमोर हे बोलशील. तू बोलली नाहीस. तू विसरलीस असं मी स्वतःला सांगत राहिलो. तुला आठवतं का ते?"

वेड्या, मी विसरेन?

कारखान्याची उरलेली लेबलं मी घरी आणून ठेवली होती ना, नमुन्याच्या बाटलीवर लावायची, मागे डिंक असलेली? तू त्यातल्याच एकावर लिहिलंस. गोळीचं नाव, दिवसातून एक, आणि खाली "सहा महिने. मग परत तपासणी." तुझं ते पाय ओढत चालणारं अक्षर. ते लेबल तेराव्याला माझ्या पर्समध्ये होतं. तू ओरडत होतास आणि माझा हात पर्सवरच होता. साखळी ओढायचाच अवकाश होता.

नाही ओढली. तुझा चेहरा बघितला आणि कळलं, की ह्याला सगळं आठवतंय. लहानपणी बरणी फोडलीस तेव्हाही अस्साच ओरडला होतास, मांजरावर. मी तेव्हाही आईला काही सांगितलं नव्हतं. शिवाय, लेबलावर तुझं अर्धंच होतं. खालची ओळ माझ्यासाठी होती आणि ती मी पाळली नाही. तू दुखणं चुकीचं ओळखलंस, मी तपासलं नाही, आणि आई म्हणाली कुणाला सांगू नका. तिघांनी मिळून केलंय ते. कुणा एकाला उचलून नेता यायचं नाही.

तरी मी ते लेबल जपून ठेवलं. का, ते आता कबूल करते. सगळाच चांगुलपणा नव्हता तो. रागाच्या दिवशी काढून वाचायचे. वाटायचं, एक दिवस पाकिटात घालून तुझ्या संस्थेच्या पत्त्यावर पाठवीन, वर काही लिहिणार नाही. पहिल्या पत्राच्या वेळी पाकीट चिकटवायच्या आधी ते आत घातलंही होतं. मग काढून घेतलं. तू स्वतः बोलतोस का, ते मला बघायचं होतं. उशीर केलास, पण बोललास.

आज सकाळी मी आईचं उलथनं शोधून काढलं. मूठ जळकी असलेलं, तेच. गॅसवर ठेवलं. हळूहळू त्याचं टोक लाल झालं, मग केशरी, आणि मी बघत राहिले. लेबल त्याच जाळात धरलं. डिंकाचा वास यायला हवा होता. मग उलथनं ताकात बुडवलं. चर्र! सगळं घर क्षणभर जुनं झालं. आई मागे उभी होती, मी वळून बघितलं नाही, उगाच जायची. ताक मी प्यायले नाही, डॉक्टर ओरडतील. तुळशीतही नाही ओतलं, नसती थेरं. सरळ मोरीत ओतलं.

तेव्हा आता कागद नाही. तुझं तू सांगितलंस, माझं मी. भाऊबंदांना काय कळवायचं ते तू आलास की ठरवू, किंवा नाही ठरवू.

तू तिथे तुझं रक्त जुळवायला देऊनही टाकलंस, न विचारता. दादागिरी गेली नाही तुझी. जुळलं तर बघू, नाही जुळलं तर माझी इंजेक्शनं आहेतच. डॉक्टर म्हणतात ती लागू पडतायत, आणि हे ते गालांची लाली बघून म्हणत नाहीत, दर आठवड्याला रक्त तपासून म्हणतात. मला जगायचंय, जितू. आधीच्या पत्रात तोरा दाखवला, तो खोटा होता.

तेरा तारखेला येतोस म्हणालास. जळगावला उतरून गाडी बदल, गाडीतच झोपून भुसावळच्या पुढे निघून जाऊ नकोस. घरात एक काम तुझ्यासाठी ठेवलंय. तुला भरीत करून घालायचंय, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी सांगितलीय रूपलच्या कामवालीला. पण ते डिंकाचं म्हटलं ना वर? वास आलाच नाही. औषधांनी माझं नाक गेलंय, दिवाळीपासून काहीच येत नाही. कुणाला सांगितलेलं नाही, तुला पहिल्यांदा सांगतेय. अमळनेरची टेस्टर आणि तिला फोडणी कळत नाही! शेंगदाणा तेलाचा डबा उघडून दोन महिने झालेत, तळाशी थोडा गंज दिसतोय, आणि ते चांगलं आहे की बिघडलंय हे मला सांगता येत नाही.

मी वांगी भाजून ठेवते. फोडणी घालत नाही. तू ये, हात धू, डब्याचं झाकण काढ, आणि खडूंचा वास येतोय का तेवढं सांग.

तुझी
अक्का